मालडब्याच्या प्रतिकृती : जुन्या आणि नव्या

परळ-लालबागच्या गिरण्या धडधडत होत्या तेव्हां मालगाडीचा डबा ही मुंबईकरास मुद्दाम पाहण्याची वस्तु वाटत नसे. १९१५ सालीं पोर्ट ट्रस्टची रेल्वे सुरू झाली आणि वडाळ्यापासून धक्क्यांपर्यंत माल वाहणारे डबे शिवडीकडील वस्तीच्या नित्य परिचयाचे झाले. त्याच वर्षीं माटुंग्यास डब्यांच्या दुरुस्तीचा कारखाना निघाला. जर्मनींत मात्र ह्याच सामान्य डब्याचें लहान रूप घडविण्यांत कारागिरांच्या पिढ्या खपल्या, आणि जुनी प्रतिकृति नव्या प्रतिकृतीशेजारीं ठेवून तपासणें हा तेथें एक गंभीर छंद होऊन बसला. पुण्यास कोथरूडांत भाऊसाहेब जोशी यांच्या हौसेंतून उभें राहिलेलें व १९९८ सालीं खुलें झालेलें लघुरेल्वे संग्रहालय ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांस ह्या छंदाची थोडी कल्पना येईल.

तुलनेसाठीं एकच डबा घ्यावा हें बरें. शतकापूर्वींच्या जर्मनींत प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी अशा राज्याराज्यांच्या रेल्वे निराळ्या व त्यांचे डबेही निराळ्या घडणीचे होते. १९०९ सालीं ह्या राज्यांनीं मालडबे सामाईक वापरण्यासाठीं संघ स्थापिला व सर्वांना लागू पडतील असे नकाशे तयार केले. त्यांपैकीं ‘ए-२’ ह्या नकाशावरून बांधलेला लांकडी भिंतींचा, दोन आंसांचा, १५ टनी बंद डबा लाखाहून अधिक संख्येनें निघाला. पुढें १९२० सालीं सर्व रेल्वे एक झाल्यावर त्या जातीच्या डब्यांवर ‘कासेल’ किंवा ‘म्युनिक’ हें शहराचें नांव वर्गखूण म्हणून रंगवूं लागले.

खेळण्यांच्या धंद्यांत त्या वेळीं ग्योपिंगेन गांवच्या मेर्कलिन घराण्याचें नांव मोठें होतें. १८५९ सालीं बाहुल्यांच्या चुलीबोळक्यांसाठीं पत्र्याचीं भांडीं करून आरंभ केलेल्या ह्या मंडळींनीं १८९१ सालीं लाइपझिगच्या जत्रेंत ठराविक मापाच्या रुळांवर धांवणारी गाडी मांडली. १९३५ मध्यें त्यांनीं १६.५ मिलिमीटर रुंदीचा रूळ आणला. खऱ्या रुळाच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचें तें माप आजही चालतें. (हिंदुस्थानांतील १,६७६ मिलिमीटरांचा रूळ त्याच हिशेबानें १९ मिलिमीटरांहून थोडा अधिक भरतो, म्हणून मुंबईची गाडी जर्मन रुळांवर चालविणाऱ्या हौशी माणसास पावणेतीन मिलिमीटरांचें असत्य पोटांत घालावेंच लागतें.)

जुना डबा पत्र्याचा. फळ्यांच्या रेघा, बिजागऱ्या, दाराची कडी सारें पत्र्यावर छापलेलें. चाकें जाड, आंकडा लहान मुलाच्या बोटांस सांपडेल एवढा मोठा, आणि एकच सांगाडा बंद डब्याखालीं, उघड्या डब्याखालीं व टांकीखालींही बसविलेला. खऱ्या डब्याशीं मापें ताडून पाहिलीं तर तो पुष्कळ ठिकाणीं चुकतो. त्यांतून कांहीं ओतीव जस्ताचे भाग धातु अशुद्ध असल्यामुळें कालांतरानें आपोआप भेगाळून भुगा होतात. परंतु तो जमिनीवर आपटला तरी टिकावा म्हणूनच केला होता, हें टीकाकारांनीं विसरूं नये.

नव्या डब्याचें कौशल्य खरोखर थक्क करणारें आहे. हाताच्या कांड्या तारेसारख्या बारीक व स्वतंत्र बसविलेल्या. तळाशीं ब्रेकच्या सळ्या, ज्या रुळावर ठेवल्यावर कोणास दिसतही नाहींत. जोडाची योजना अशी कीं, वळणावर अंतर वाढतें आणि सरळ रुळावर डबे पुन्हां एकमेकांस भिडतात. भिंग लावलें तर क्रमांक, रिकामें वजन, भाराची मर्यादा व शेवटच्या तपासणीची तारीख वाचतां येते. १९४५ नंतर जर्मनीचे विभाग पडले तेव्हां डब्यांवर विजेत्यांच्या विभागांचीं नांवें आलीं. तीं अक्षरें असलेला डबा १९३६ च्या गाडीस जोडला तर जाणता माणूस तत्काळ हटकतो. इतिहासाचें साधन म्हणून नवी प्रतिकृति श्रेष्ठ, ह्यांत वाद नाहीं.

पण तारीख आली कीं तिच्या मागून प्रश्नही येतो. १९४१ ते १९४४ ह्या वर्षांत युरोपभरच्या लक्षावधि ज्यूंना ट्रेब्लिंका, ऑश्विट्झ येथें मारण्यासाठीं नेलें तें बहुधा अशाच बंद मालडब्यांतून. जर्मन रेल्वे त्या प्रवासाचें माणशीं भाडें आकारीत असे. चार वर्षांखालील मुलांना भाडें माफ होतें. हिंदुस्थानासही बंद डब्याचा हा उपयोग अगदींच अपरिचित नाहीं. १९२१ च्या नोव्हेंबरांत तिरूरहून पाठविलेल्या मोपला कैद्यांपैकीं साठांहून अधिक जण डब्यांत गुदमरून दगावले. पत्र्याच्या खेळण्यावर साल नव्हतें, म्हणून तें ह्या चौकशीपलीकडे राहिलें. नव्या डब्यावर मात्र युद्धकाळांतील तपासणीची तारीख असली कीं, त्याच्या बंद दारामागें कोळसा, बटाटे, कीं माणसें, असें कोणी विचारल्यास कारखानदाराच्या माहितीपत्रकांत उत्तर नसतें. छंदाच्या मंडळींनीं १९२० ते १९४५ हा एकच कालखंड मानला आहे आणि त्यांतील बहुतेक संग्राहक १९३७-३८ च्या सुमारास थांबणें पसंत करतात, असें नव्हे; युद्धकाळच्या गाड्याही मांडल्या जातातच.

जेरुसलेमच्या याद वाशेम स्मारकांत पोलंडनें दिलेला असा एक खरा डबा १९९५ पासून दरीच्या कडेला, अर्ध्यावर तुटलेल्या पुलाच्या रुळांवर उभा केलेला आहे.