घर विकताना विजेच्या बिलाची साक्ष

जळगाव आणि धुळे शहरांतील घरविक्रीच्या जाहिराती पाहिल्या, तर पूर्वाभिमुख दरवाजा, वास्तुशास्त्रानुसार रचना, मुबलक पाणी, शाळा-बाजारपेठ जवळ, असे तपशील न चुकता आढळतात. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांपर्यंत चढणाऱ्या या भागात दुपारी तीन वाजता ते घर किती तापते आणि ते राहण्याजोगे ठेवण्यास किती वीज लागते, याचा उल्लेख मात्र सहसा नसतो. युरोपात हीच माहिती घराच्या व्यवहाराचा आवश्यक भाग झाली आहे. आपल्याकडे तशी सक्ती नाही. पण ज्याच्या घराला खरोखरच वीज कमी लागते, त्या विक्रेत्याने हा गुण झाकून ठेवण्याचेही कारण नाही.

डेन्मार्कने १९९७ मध्येच घरविक्रीच्या वेळी ऊर्जा-प्रमाणपत्र सक्तीचे केले. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानंतर इतर देशांनीही तो मार्ग धरला. इंग्लंड व वेल्समध्ये २००७ पासून 'ए' ते 'जी' अशी श्रेणी देणारे प्रमाणपत्र विक्रीसाठी लागते आणि घराच्या जाहिरातीतही ती श्रेणी दिसते. फ्रान्सने तर २०२५ च्या आरंभापासून सर्वांत खालच्या 'जी' श्रेणीतील घरे नव्याने भाड्याने देण्यास मनाई केली.

तारे कोणाचे?

भारतात फ्रीज आणि एअर कंडिशनरवरील तारे २००६ पासून परिचयाचे झाले. ते देणाऱ्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने (बीईई) डिसेंबर २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी 'इको निवास संहिता' प्रसिद्ध केली आणि पुढे घरांसाठी एक ते पाच ताऱ्यांचे लेबल आणले. हे लेबल ऐच्छिक आहे. त्याचा आधार म्हणजे दर चौरस मीटर क्षेत्रफळामागे वर्षाला लागणारे वीज युनिट. हा आकडा रहिवाशाच्या बिलावरून काढला जात नाही. भिंती, छत, खिडक्या आणि बसविलेली उपकरणे यांवरून, ठरावीक वापर गृहीत धरून तो काढतात. राहणारे बदलले तरी घराची श्रेणी बदलू नये, हा त्यामागील हेतू.

'गृह' आणि 'आयजीबीसी' ही मानांकने वेगळी. त्यांत ऊर्जेबरोबर पाणी, कचरा, बांधकाम साहित्य यांचेही गुण मोजले जातात. राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत अशा मानांकनाच्या पातळीनुसार विकासकाला ३, ५ वा ७ टक्के वाढीव चटईक्षेत्राचे प्रोत्साहन ठेवले आहे. त्यामुळे 'ग्रीन' हा शब्द माहितीपत्रकात आला की ग्राहकाने एकच प्रश्न विचारावा : मानांकन आराखड्याला मिळालेले पूर्वमानांकन आहे की इमारत पूर्ण झाल्यावरचे अंतिम? दोहोंत बरेच अंतर पडू शकते. जाहिरातीतील चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाला रेरा कायद्याच्या १२ व्या कलमानुसार विकासकाकडून भरपाई मागता येते. दोन खासगी व्यक्तींमधील जुन्या घराच्या व्यवहाराला हे संरक्षण नाही.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो उपकरणांच्या ताऱ्यांमुळे. 'फाइव्ह स्टार एसीसह फ्लॅट' म्हणजे पंचतारांकित घर नव्हे. शिवाय एसीचे निकष वेळोवेळी कडक होतात. २०१८ मध्ये पाच तारे मिळविलेले यंत्र जुलै २०२२ च्या निकषांत त्या पातळीवर राहिले नाही. लेबलवरील कालावधी म्हणूनच वाचावा.

बिल कसे वाचावे

खान्देशातील जुन्या घराला ताऱ्यांचे लेबल असण्याची शक्यता थोडीच. अशा वेळी महावितरणचे बिल हाच हाताशी असलेला पुरावा ठरतो, कारण मागील महिन्यांचा वापर त्यावर छापलेला असतो. वर्षभराच्या युनिटांची बेरीज करून तिला घराच्या चौरस मीटरने भागावे (१०.७६ चौरस फूट म्हणजे एक चौरस मीटर). समजा, ७५ चौरस मीटरच्या दोन सदनिका आहेत. एकीत वर्षाला १,८०० युनिट लागतात, दुसरीत २,७००. भागाकार अनुक्रमे २४ आणि ३६ येतो. हिशेबाच्या सोयीसाठी युनिटला १० रुपये धरले, तरी वर्षाचा फरक ९ हजार रुपयांचा. गृहकर्जाचा हप्ता मोजून घर घेणाऱ्या कुटुंबाला ही रक्कम लहान नाही.

हा आकडा बीईईच्या लेबलवरील आकड्याशी मात्र ताडून पाहू नये. इथे प्रत्यक्ष वापर आहे, तिथे गृहीत वापर. त्यापेक्षा फेब्रुवारी आणि मे यांची तुलना अधिक बोलकी ठरते. धुळ्याची थंडी कडाक्याची असल्याने जानेवारीत गिझरचा भार असतो. फेब्रुवारीत गिझरही कमी आणि कूलरही बंद. मेमध्ये त्यावर जी वाढ दिसते, ती बहुतांशी उन्हाची किंमत. घरात किती माणसे राहतात, सुट्टीत घर बंद होते काय, हे विक्रेत्याने सोबत सांगावे. 'लॉक', 'फॉल्टी' किंवा सरासरी आकारणीचा शेरा असलेला महिना हिशेबात धरू नये. छतावर सौर पॅनेल असेल, तर बिल शून्याजवळ असूनही घर भट्टीसारखे तापत असू शकते. सूर्याने बिल भरले, एवढाच त्याचा अर्थ.

छत, मग बाकीचे

वरच्या मजल्याचा फ्लॅट किंवा स्वतंत्र बंगला विकायचा असेल, तर खरी परीक्षा छताची. इको निवास संहिता छतातून होणाऱ्या उष्णतेच्या वहनाला दर चौरस मीटर, दर अंशामागे १.२ वॉटची मर्यादा घालते. उघड्या काँक्रीट स्लॅबमधून याच्या सुमारे तिप्पट उष्णता आत येते. खान्देशातील जुन्या धाब्याच्या घरांत जाड भिंती आणि छतावरील मातीचा थर हे काम मुकाट्याने करीत. स्लॅबची घरे आली आणि तो थर गेला. आता विटांच्या तुकड्यांचा कोबा, उष्णतारोधक थर, पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी हे उपाय आहेत. चुन्याचा पांढरा हात हा सर्वांत स्वस्त; पण धूळ बसली की त्याचा गुण ओसरतो आणि दरवर्षी तो पुन्हा द्यावा लागतो. विक्रीआधी खर्च करायचाच असेल, तर दिवाणखान्याच्या रंगाआधी छताकडे पाहिलेले बरे. केलेल्या कामाची पावती जपून ठेवावी आणि आदल्या व नंतरच्या उन्हाळ्याची बिले शेजारी ठेवून दाखवावीत. पश्चिमेच्या भिंतीवर सावली आहे काय, समोरासमोरच्या खिडक्यांतून वारा खेळतो काय, हेही ग्राहकाला दुपारी बोलावून दाखविता येते. विक्रेते घर सकाळी दाखवितात, ते उगीच नव्हे!

कूलरबाबत एक पुस्ती. कोरड्या हवेत तो एसीपेक्षा पुष्कळच कमी विजेत काम भागवितो, पण त्याला पाणी लागते. नळ काही दिवसांआड येणाऱ्या वसाहतीत 'आमचे बिल कमी येते' या दाव्यासोबत टाकीची क्षमताही सांगणे प्रामाणिकपणाचे.

सौर यंत्रणेची कागदपत्रे

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉट व त्याहून मोठ्या घरगुती संचाला कमाल ७८ हजार रुपयांचे अनुदान ठेवण्यात आले. अशा संचाचे घर विकताना वीजजोडणी आणि नेट मीटरिंग दोन्ही खरेदीदाराच्या नावे होतील, हे पाहावे लागते. पॅनेल व इन्व्हर्टरची हमीपत्रे, बसविल्याची तारीख, अनुदानाची कागदपत्रे आणि संचावर कर्ज असल्यास त्याची बाकी ही माहिती खरेदीखतापूर्वी द्यावी. अपार्टमेंटच्या सामायिक गच्चीवर पॅनेल असतील, तर सोसायटीची लेखी संमती लागते. केवळ पूर्वीच्या मालकाला तोंडी दिलेली परवानगी नव्या मालकाच्या उपयोगी पडेलच, असे नाही.