पुणे करार ते सरपंचपदाची सोडत

निवडणुकीच्या निकालांचा विचार आपल्याकडे बहुधा पक्षांच्या बेरजेने होतो. कोणाला किती जागा मिळाल्या, कोण फुटला, कोणाचे सरकार गडगडले यावर रकानेच्या रकाने भरतात. राखीव जागेवर निवडून आलेला माणूस कोणाच्या मतांनी निवडून आला आणि उद्या तो कोणाला जाब देणार, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. विचारलाच तर तो आमदार-खासदारांपुरता. गावच्या पंचायतीपर्यंत तो पोचत नाही. आणि आपल्या माणसांचे रोजचे जगणे-मरणे तर तिथेच ठरते.

उरवडे हे मुळशी तालुक्यातले गाव. पुण्याहून पौडच्या रस्त्याने निघावे, पिरंगुटला आत वळावे की उरवडे लागते. माझे आजोळ याच पट्ट्यातले. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, त्यामुळे गावाकडे गेलो की कागद वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे येते. सातबारा, जात पडताळणीचा अर्ज, पंचायतीची नोटीस. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला याहून चांगले दप्तर मिळणार नाही.

या पट्ट्यात भात पिकतो. पण गेल्या तीस-चाळीस वर्षांत सत्तेचा पाया भातखाचरातून सरकून कारखान्याच्या फाटकाशी आला आहे. मजूर पुरवण्याचा ठेका, पाण्याचे टँकर, मुरूम, भंगार, जमिनीची दलाली यांतून नवा पुढारी तयार झाला. पूर्वी वतनदाराच्या ओसरीवर जे ठरत असे ते आता ठेकेदाराच्या गाडीत ठरते. ७ जून २०२१ रोजी उरवड्यातल्या एका रासायनिक कारखान्याला आग लागली आणि १७ कामगार जळून मेले. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. कारखान्याची तपासणी हे पंचायतीचे काम नव्हे, हे मला ठाऊक आहे. तरीही हा प्रसंग इथे आणतो, कारण बाईची रोजी ज्याच्या हातात असते त्याच्याच हातात पुष्कळदा तिचे मतही असते. जो कामावर लावतो तोच पॅनेल उभे करतो. अशा गावात राखीव जागा म्हणजे नेमके काय, हे पाहायचे तर थोडे मागे जावे लागते. फार लांब नव्हे, येरवड्यापर्यंत.

२४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. ब्रिटिश पंतप्रधानांच्या निवाड्यात अस्पृश्यांना प्रांतिक कायदेमंडळांत ७१ जागा होत्या, करारात १४८ झाल्या. मुंबई प्रांताच्या वाट्याला सिंधसह १५ आल्या. आकडा दुप्पट झाला म्हणून करार फायद्याचा, असे शाळेच्या पुस्तकातून आपल्याला शिकवले गेले. पण निवाड्यात स्वतंत्र मतदारसंघ होता, म्हणजे अस्पृश्यांचा प्रतिनिधी अस्पृश्यांनीच निवडायचा होता. शिवाय सर्वसाधारण मतदारसंघातही त्यांना दुसरे मत होते. करारात ही दोन्ही हत्यारे गेली. उरली ती एक तडजोड : अस्पृश्य मतदारांनी प्राथमिक निवडणुकीत चार उमेदवार निवडायचे आणि त्यांतला एक सगळ्यांनी मिळून निवडायचा. त्या चारांतला सवर्णांना मानवणारा कोण, एवढेच मग शोधायचे राहिले.

करारावर सही होऊन बारा दिवस उलटले आणि ६ ऑक्टोबर १९३२ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात ग्रामपंचायत विधेयकावर बाबासाहेब बोलायला उभे राहिले. हे भाषण आपण जितके वाचायला हवे तितके वाचत नाही. घटना समितीतले नोव्हेंबर १९४८ चे गावावरचे परखड उद्गार सगळ्यांना पाठ असतात, पण त्यांचे मूळ इथे आहे. गावाच्या हाती सत्ता द्यायची तर त्या गावात राहणाऱ्या अल्पसंख्याकाचे काय, असा त्यांचा सवाल होता. ज्या गावात जात हाच कायदा आहे तिथे प्रौढ मतदान दिले तरी अस्पृश्याला पुरेसे संरक्षण मिळत नाही, त्याला पंचायतीत खास प्रतिनिधित्व हवे, असे त्यांनी मांडले. पंचायतीला न्यायदानाचे अधिकार देण्यासही त्यांचा विरोध होता. करारात प्रांतापुरती जी माघार घ्यावी लागली तीच लढाई ते दोन आठवड्यांच्या आत गावासाठी लढत होते.

आता निकालांकडे येऊ. १९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई प्रांतात १७ उमेदवार उभे केले आणि त्यांतले बहुतेक निवडून आले. १५ राखीव जागांपैकी ११ पक्षाकडे आल्या. पुणे जिल्ह्यातून राजाराम भोळे निवडून गेले, पुढे ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. काँग्रेसला १७५ पैकी ८६ जागा मिळाल्या. करार वाईट, तर मग हा निकाल कसा लागला? पक्ष अस्पृश्यांचा होताच, पण तो कुळांचा आणि गिरणी कामगारांचाही होता. खोती रद्द करण्याचे विधेयक बाबासाहेबांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिलावर चालून आले. त्यांत कुणबी आणि महार एका रांगेत होते. हे कारण नेहमी सांगितले जाते आणि ते खरे आहे. दुसरे कारण मात्र सांगितले जात नाही, कारण ते रुक्ष आहे. मुंबई प्रांतात तेव्हा अनेक जागांच्या मतदारसंघात मतदाराला आपली सगळी मते एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकता येत असत. विखुरलेल्या, थोड्या लोकांना ही पद्धत फार उपयोगाची. तीन जागा असतील तर एक महार मतदार आपल्या माणसाला तिन्ही मते देऊ शकत होता.

१९४६ ला वारे फिरले. मुंबई प्रांतात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा एकही उमेदवार निवडून आला नाही. काँग्रेसची लाट इतकी मोठी होती की मते एकवटण्याची सोयही तिच्यापुढे टिकली नाही. प्राथमिक निवडणुकीतले आणि अंतिम निवडणुकीतले आकडे समोरासमोर ठेवून बाबासाहेबांनी हेच दाखवले, की ज्याला अस्पृश्यांनी पसंती दिली तो शेवटी पडतो आणि ज्याला त्यांनी मागे टाकले तो वर येतो. १५ जुलै १९४६ पासून पुण्यात विधिमंडळाचे अधिवेशन चालू असताना फेडरेशनने सत्याग्रह केला. पां. ना. राजभोज पुढे होते. पुणे करार मुर्दाबाद ही घोषणा पुण्याच्याच रस्त्यावर दिली गेली आणि हजारो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. मुळशी म्हटले की सेनापती बापटांचा धरणाविरुद्धचा सत्याग्रह सगळ्यांना आठवतो, आणि तो आठवावाच. पण तालुक्यापासून एका दिवसाच्या वाटेवर झालेला हा दुसरा सत्याग्रह पुण्याच्या इतिहासात एका ओळीचाही धनी होत नाही.

१९५२ ला मतदानाची रीत बदलली. दोन जागांच्या मतदारसंघात मतदाराला दोन मते होती, पण ती दोन वेगळ्या उमेदवारांना द्यावी लागत. दोन्ही एकालाच दिली तर एक बाद. उत्तर मुंबईत बाबासाहेब काँग्रेसच्या काजरोळकरांकडून सुमारे साडेचौदा हजार मतांनी पडले आणि त्या मतदारसंघात सत्तर हजारांवर मतपत्रिका बाद ठरल्या. त्याच निवडणुकीत राजभोज सोलापुरातून फेडरेशनचे खासदार झाले, हेही नोंदवले पाहिजे. म्हणजे संयुक्त मतदारसंघात आपला माणूस कधीच येत नाही असे नव्हे. तो येतो तेव्हा दुसऱ्या कोणाच्या गरजेने येतो, आणि ती गरज संपली की पडतो. कांशीराम यांनी कराराच्या पन्नासाव्या वर्षी, २४ सप्टेंबर १९८२ रोजी, चमचा युगावरचे पुस्तक काढले ते याच मुद्द्यावर. त्या शब्दाबद्दल माझी थोडी तक्रार आहे. चमचा ही व्यक्तीला दिलेली शिवी होते आणि चमचा घडवणारी मतपेटी त्यात सुटून जाते.

गावात काय झाले? १९५८ चा मुंबई ग्रामपंचायत अधिनियम १ जून १९५९ पासून लागू झाला. त्यात अनुसूचित जातींना पंचायतीत राखीव जागा मिळाल्या. बरोबर दोन महिन्यांनी, १ ऑगस्ट १९५९ रोजी, कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली. वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी पहिले विधेयक आणले होते १९२८ मध्ये. वेठ गेली ही मोठीच मुक्ती होती. जमीन मात्र साऱ्याच्या काही पट रक्कम सरकारात भरून परत मिळवायची होती आणि पुष्कळांकडे तेवढेही पैसे नव्हते. वतनाची म्हणून जी जमीन कागदावर राहिली ती आज पुण्याच्या आसपास सोन्याच्या भावाची झाली आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात मुंढव्याच्या सुमारे ४० एकरांवरून केवढे रान उठले ते वाचकांनी पाहिलेच आहे. सांगायचे ते एवढेच, की एकाच उन्हाळ्या-पावसाळ्यात आपल्याला पंचायतीत खुर्ची मिळाली आणि त्या खुर्चीला बळ देणारी जमीन पायाखालून सरकू लागली.

पुढची चौतीस वर्षे राखीव सदस्य पंचायतीत बसले, सरपंचपद मात्र राखीव नव्हते. ते आले त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, एप्रिल १९९३ मध्ये. आता थोडे गणित करू. समजा एखाद्या तालुक्यात अनुसूचित जातींची लोकसंख्या शंभरात आठ आहे. चक्रानुक्रमाने पद फिरू लागले तर एका गावाची पाळी साडेबारा मुदतींनी, म्हणजे बासष्ट वर्षांनी येईल. आजीच्या वेळी आले ते नातीच्या वेळी पुन्हा येईल. आणि आले तरी काय? नऊ सदस्यांच्या पंचायतीत अनुसूचित जातीची सदस्य एकच असेल तर ती बिनबोभाट सरपंच होते. अविश्वास ठरावाला सहा मते लागतात. पद स्त्रीसाठी राखीव असेल तर तीन चतुर्थांश, म्हणजे सात. समोर आठ जण बसलेले आहेत. कायद्याने कितीही उंच कुंपण घातले तरी हे आठ ते ओलांडू शकतात. ठराव आणण्याची गरजही पडत नाही, आणता येतो एवढे तिला माहीत असणे पुरते.

शिवाय ती एक सदस्यसुद्धा निवडते कोण? प्रभागात दोन-तीन जागा असतात, प्रत्येक जागेसाठी मतदाराला वेगळे मत असते. वस्तीतली शंभर मते आणि गावठाणातली तीनशे मते मिळून राखीव जागेवर कोण बसणार ते ठरवतात. वस्तीने एकमुखाने नाकारलेली बाई निवडून येऊ शकते. १९३७ ची मते एकवटण्याची सोय इथे नाही आणि करारातली प्राथमिक निवडणूकसुद्धा नाही. म्हणजे १९३२ मध्ये जे हरले ते तर गेलेच, जे पदरात पडले तेही गावापर्यंत पोचले नाही.

अलीकडच्या काळात सरपंच निवडण्याची रीत विधिमंडळाने तीनदा उलटीपालटी केली. २०१७ मध्ये थेट जनतेतून, २०२० मध्ये पुन्हा सदस्यांतून, २०२२ मध्ये पुन्हा थेट. भांडण होते ते गावोगावच्या पॅनेलांवर पकड कोणाची, याचे. ज्यांची मदार जुन्या सदस्यांच्या जाळ्यावर त्यांना सदस्यांतून हवे होते, ज्यांना ते जाळे तोडायचे होते त्यांना थेट हवे होते. राखीव सरपंचाचे यात काय होते, हा मुद्दा या चढाओढीत कोणाच्याच अजेंड्यावर नव्हता. माझे स्वतःचे मत थेट निवडीकडे किंचित झुकते. थेट निवडून आलेल्या सरपंचावर अविश्वास आणायचा तर तीन चतुर्थांश सदस्यांनंतर ग्रामसभेच्या गुप्त मतदानातूनही जावे लागते, त्यामुळे आठ जणांच्या धाकाला एक अडसर बसतो. पण अख्खे गाव मतदार झाल्यावर उमेदवारी देणारा हात पुन्हा ठेकेदाराचाच. एका दाराने मिळाले ते दुसऱ्याने जाते.

१५ जानेवारी २०२१ च्या निवडणुकीत सरपंचपदाची सोडत मतदानानंतर काढली गेली. आरक्षण आधी कळले की पैशाचा खेळ होतो, खोटी प्रमाणपत्रे निघतात, असे कारण दिले. परिणाम असा, की काही गावांत ज्या प्रवर्गाची चिठ्ठी निघाली त्या प्रवर्गाचा कोणी सदस्यच निवडून आलेला नव्हता. त्याच वेळी नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथे पदांचा लिलाव झाल्यावरून निवडणूक आयोगाने निवडणूकच रद्द केली. देवळासाठी बोली लावली म्हणे. लिलावाची बातमी होते. बिनविरोधची होत नाही, तिचे कौतुक होते. बिनविरोध झालेल्या गावात अर्ज कोणी मागे घेतला, कोणाच्या सांगण्यावरून घेतला, हे एकदा वस्तीत बसून विचारावे.

वरच्या पायरीवरही चित्र वेगळे नाही. २००८ च्या पुनर्रचनेत मुळशीचा विधानसभा मतदारसंघ संपला आणि तालुका भोरला जोडला गेला. २०२४ ला राष्ट्रवादीचे शंकर मांडेकर यांनी तीनदा निवडून आलेले संग्राम थोपटे यांना एकोणीस हजारांवर मतांनी हरवले, तेव्हा मुळशीला आपला आमदार मिळाला असे तालुका म्हणाला. त्या आपल्यात वस्ती मोजली गेली की नाही, हे मोजण्याचे साधन निकालपत्रकात नसते. मार्च २०२२ मध्ये पुणे जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात असल्याने वर्षानुवर्षे प्रशासक कारभार पाहत राहिला. त्या काळात वस्तीसुधार योजनेच्या कामाबद्दल विचारायचे तर दार साहेबांचे, तिथे मताची भीती नाही.

म्हणून निकालपत्रकापेक्षा पंचायतीचे इतिवृत्त वाचावे असे मी विद्यार्थ्यांना सांगतो. माहितीच्या अधिकारात ते मिळते. ठरावाला सूचक कोण, अनुमोदक कोण, राखीव सदस्याचे नाव सूचक म्हणून किती वेळा आले, वस्तीच्या रस्त्याचा, स्मशानभूमीचा, नळाचा ठराव कोणत्या तारखेला आला आणि कोणत्या तारखेपर्यंत नुसता पुढे ढकलला गेला, एवढेच वहीत उतरवायचे. शिक्षक-कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यात पाच गावे जरी घेतली तरी सहज होण्यासारखे काम आहे. मुळशीतल्या काही मुलांनी ते हाती घेतले आहे. १९५९ पासूनच्या वह्या सगळीकडे सापडत नाहीत, वाळवीने खाल्लेल्या आहेत; १९९३ नंतरच्या मात्र बऱ्याच ठिकाणी शाबूत आहेत.