शेंकडेवारींत हरवलेला दुष्काळ

गोंदिया शहरालगतचें मुर्री हें गांव आज गोंदिया जिल्ह्यांत मोडतें. हा जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यांतून वेगळा झाला. त्यापूर्वीं मुर्रीच्या माणसांची गणती भंडाऱ्याच्या आंकड्यांतच होत असे. भाताच्या बांध्यांचा आणि मालगुजारी तलावांचा हा मुलूख. पाऊस वेळेवर आला तर कोठ्या भरावयाच्या, न आला तर चुली थंड पडावयाच्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या मुलुखावर जें गुदरलें, तें खानेसुमारीच्या तीन आंकड्यांत नोंदलेलें आहे. मात्र ते आंकडे कसे वाचावे, हें ठाऊक असलें पाहिजे.

१७ फेब्रुवारी १८८१ रोजीं भंडारा जिल्ह्यांत ६,८३,७७९ माणसें मोजलीं गेलीं. २६ फेब्रुवारी १८९१ रोजीं तीं ७,४२,८५० भरलीं. १ मार्च १९०१ रोजीं मात्र ६,६३,०६२ च उरलीं.

शेंकडेवारीचा नियम शाळकरी मुलासही येतो. नंतरच्या व आधींच्या आंकड्यांतील अंतर काढावें, त्याला आधींच्या आंकड्यानें भागावें आणि शंभरानें गुणावें. या रीतीनें पहिल्या दशकांत शेंकडा ८.६४ वाढ निघते, व दुसऱ्यांत शेंकडा १०.७४ घट.

आतां कोणी मधली खानेसुमारी वगळून १८८१ आणि १९०१ याच दोन तारखा निवडल्या, तर घट केवळ शेंकडा ३.०३ येते. वीस वर्षांत शंभरांमागें तीन माणसें कमी झालीं, एवढेंच वाचणाऱ्यास कळतें. हिशेबांत कोठेंही चूक नाहीं. परंतु १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दोन दुष्काळ जणू घडलेच नाहींत! ७९,७८८ माणसांची तूट २०,७१७ वर येते, कारण आधींच्या दशकांत वाढलेल्या ५९,०७१ माणसांनीं ती खळगी कागदावर बुजविलेली असते. अर्थात् ही सारी तूट मृत्यूचीच, असेंही म्हणतां येत नाहीं. दुष्काळांत जन्म घटतात, माणसें गांव सोडून जातात; शेंकडेवारी या तिहींची वांटणी सांगत नाहीं.

आणखी एक गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत घ्यावी. ८.६४ वाढ आणि १०.७४ घट यांची वजाबाकी केली तर २.१० घट येते. खरी घट मात्र ३.०३ आहे. पहिली शेंकडेवारी १८८१ च्या आंकड्यावर उभी आहे, दुसरी १८९१ च्या मोठ्या आंकड्यावर. पाया निराळा, म्हणून त्यांची बेरीज-वजाबाकी होत नाहीं. याच कारणानें शेंकडा १०.७४ नें घटलेला जिल्हा पूर्वस्थितीला यावयास शेंकडा १२.०३ वाढ लागते. गेलेलें भरून काढणें गमावण्यापेक्षां नेहमींच अवघड असतें, हें गणितही सांगतें.

तारखांप्रमाणें सीमाही पारखून घ्याव्या लागतात. १९९१ चा भंडारा जिल्हा अखंड होता, २००१ चा विभागलेला. हे दोन आंकडे तसेच शेजारीं ठेवले तर माणसें निम्म्याच्या आसपास नाहींशीं झाल्यासारखीं दिसतील. वास्तविक तीं आपापल्या घरींच होतीं. उलट गोंदियाचे २००१ चे १२,००,७०७ आणि २०११ चे १३,२२,५०७ हे आंकडे एकाच जिल्ह्याचे असल्यामुळें शेंकडा १०.१४ ही वाढ विश्वासानें सांगतां येते.

आज अहवाल पाहणारा स्वतःच दोन तारखा निवडतो, आणि यंत्र क्षणार्धांत शेंकडेवारी दाखवितें. यंत्र भागाकारांत चुकत नाहीं. पण याच तारखा कां, मध्यें काय घडलें, आणि दोन्ही वेळीं मोजलेला मुलूख एकच होता काय, हे प्रश्न तें विचारीत नाहीं. ते वाचणाऱ्यानेंच विचारावयाचे असतात. न विचारल्यास दोन दुष्काळांतून गेलेला जिल्हा शेंकडा तीनच्या किरकोळ घटींत दिसेनासा होतो.