मनाच्या यातना आणि डच डॉक्टरांचा संकोच

मानसिक यातनांपायी मरण मागणाऱ्या रुग्णाला डॉक्टरने काय उत्तर द्यावे, हा प्रश्न नेदरलँड्समध्ये न्यायालयापर्यंत गेला तो बुदवाइन शाबो या मानसोपचारतज्ज्ञामुळे. १९९१ साली त्यांनी एका शोकग्रस्त स्त्रीला मरणासाठी साहाय्य केले. तिला शरीराचा कोणताही आजार नव्हता, आणि पुढचे उपचार तिने नाकारले होते. २१ जून १९९४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: यातना असह्य आहेत की नाही हे पाहताना त्यांचे मूळ शरीरात आहे की मनात, हा भेद करता येणार नाही. तरीही शाबो दोषी ठरले. त्यांनी सहकाऱ्यांचा सल्ला घेतला होता, पण कोणाही स्वतंत्र तज्ज्ञाने तिला प्रत्यक्ष तपासले नव्हते. शिक्षा मात्र दिली गेली नाही.

या निकालाने कायद्याची वाट मोकळी झाली. डॉक्टरांचे मन झाले नाही. त्यानंतर लवकरच सुमारे साडेपाचशे मानसोपचारतज्ज्ञांची पाहणी झाली. अशी मदत तत्त्वतः मान्य होऊ शकते, असे ६४ टक्के म्हणाले. देशात वर्षाला सुमारे ३२० रुग्ण अशी विनंती करत, आणि ती मान्य होई फक्त दोन ते पाच जणांची. नकारामागे तत्त्वाचा विरोध होता, पण त्याहून खोल अशी एक व्यावसायिक अडचणही होती. कर्करोगाची वाटचाल बऱ्याच अंशी सांगता येते. नैराश्याची तशी येत नाही. वर्षानुवर्षे न हललेला रुग्ण कधी अचानक सावरतो. शिवाय मरणाची इच्छा हे त्या आजाराचेच लक्षण असू शकते, आणि रुग्णाची आशा टिकवून धरणे हेच तर या डॉक्टरांचे काम. ही भीती खरी आहे, तिला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. पण ज्याचे सगळे उपाय थकले आहेत, त्याला डॉक्टरने विषयच काढू दिला नाही, तर तो माणूस अगदी एकटा पडतो, हेही तितकेच खरे.

१ एप्रिल २००२ रोजी इच्छामरणाचा कायदा लागू झाला. त्यानेही शरीर आणि मन असा भेद केला नाही. तरी २०१० साली मानसिक आजाराची नोंदलेली प्रकरणे दोनच होती. २०१२ मध्ये हेगमध्ये एक स्वतंत्र संस्था सुरू झाली. स्वतःच्या डॉक्टरने नकार दिलेल्या रुग्णांची विनंती तिथे तपासली जाते. मानसिक रुग्णांची प्रकरणे हळूहळू तिच्याकडेच वळली. तिथेही बहुतेक विनंत्या नाकारल्या जात किंवा रुग्णच त्या मागे घेत.

प्रकरणे वाढली, तसा मानसोपचारतज्ज्ञांचा संकोचही वाढला. आपल्या हातून असे घडणे कल्पनेतही बसत नाही, असे म्हणणारे १९९५ मध्ये ५३ टक्के होते. २०१६ मध्ये ते ६३ टक्के झाले. त्याच काळात विनंत्या वर्षाला अकराशेच्या घरात गेल्या होत्या. मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९९८ साली पहिली मार्गदर्शक तत्त्वे काढली. २०१८ च्या आवृत्तीत आणखी एका स्वतंत्र मानसोपचारतज्ज्ञाचे मत घेणे आवश्यक ठरले. असे मत देणारे तज्ज्ञ मिळणे कठीण, त्यामुळे रुग्णांची प्रतीक्षा लांबत गेली.

२०२४ साली इच्छामरणाची ९,९५८ प्रकरणे नोंदली गेली. त्यांपैकी २१९ मानसिक आजाराची होती, आदल्या वर्षी १३८. त्यांत तिशीच्या आतले रुग्णही होते, आणि तरुणांच्या बाबतीत अधिक सावधपणा हवा की नको, यावरून डॉक्टरांमध्ये उघड दोन तट पडले.