रणांगणावरून अरण्यात

परदेशी वस्तूचे आकर्षण आणि वापरलेल्या वस्तूचा संशय, हे दोन्ही भाव आमच्या मध्यमवर्गीय घरांत एकाच छपराखाली नांदत आले आहेत. विलायती घड्याळ मनगटावर मिरविणारा गृहस्थ दुसऱ्याने वापरलेला कोट अंगास लावून घेणार नाही. मोटारीच्या बाबतीत मात्र हा संशय फार लवकर गळून पडतो. परकीही आणि जुनीही, अशी गाडी घेण्यात लोकांस कसली गोडी वाटत असावी, या प्रश्नाचे उत्तर मुंबईच्या गुळगुळीत रस्त्यांवर शोधल्यास हौस, ऐट आणि मोठेपणा याखेरीज फारसे काही हाती लागत नाही. ते जुन्या चांदा जिल्ह्याच्या अरण्यात शोधावे, असे आम्हांस वाटते.

आजचे चंद्रपूर व गडचिरोली हे दोन जिल्हे १९८२ च्या ऑगस्टपर्यंत एकच होते. आगगाडी या मुलखाच्या पश्चिम कडेने वरोरा, चांदा, बल्लारशाह अशी जाई. १९२९ साली बल्लारशाह-काझीपेठ हा दुवा जुळला आणि दिल्लीहून मद्रासेस जाणारा उतारू चांद्याचा कोट खिडकीतून पाहू लागला. परंतु वैनगंगेपलीकडे आलापल्ली, अहेरी, सिरोंचा, भामरागड या बाजूस पसरलेल्या सागवानी रानास या रुळांचा काय उपयोग? तेथे वाहन म्हणजे बंडी, आणि रस्ता म्हणजे बंडीच्या चाकांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्या. पावसाळ्यात इंद्रावती, पामुलगौतम व पर्लकोटा या नद्या भरल्या म्हणजे भामरागडचा जगाशी संबंध तुटे. शहरासाठी घडविलेली नाजूक विलायती मोटार या वाटेवर पहिल्याच नाल्यात रुतून बसावयाची.

अशा मुलखास साजेसे वाहन शेवटी महायुद्धाने निर्माण केले. १९४१ ते १९४५ या काळात विलीज व फोर्ड या दोन अमेरिकन कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. हिला दारे नाहीत, डोक्यावर धड छप्पर नाही, समोरची काच आडवी पाडता येते. साठ अश्वशक्तीचे यंत्र, वजन सुमारे अकराशे किलो, आणि अडचणीच्या जागी चारही चाकांस एकदम जोर देण्याची सोय. तिच्यात सौंदर्य असे काही नव्हते; म्हणूनच ती जुनी झाली तरी कुरूप होण्याचे भय नव्हते! ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी आसाम-बंगालात अमेरिकन लष्कराने अशा वाहनांचे तांडेच्या तांडे आणले होते. युद्ध संपल्यावर ते परत नेणे परवडणारे नव्हते. १९४६ च्या कराराने तेथील शिल्लक सामान हिंदुस्थान सरकारकडे आले, त्याची विक्री सुरू झाली, आणि ‘डिस्पोजलचा माल’ हा नवा शब्दप्रयोग बाजारात रूढ झाला.

काळही अनुकूल होता. अमेरिकेत खाजगी मोटारींचे उत्पादन १९४२ च्या फेब्रुवारीपासून युद्धसमाप्तीपर्यंत बंद होते. नवी गाडी पैसे मोजूनही मिळणे कठीण. परंतु केवळ दुर्मिळतेने या आकर्षणाचा उलगडा होत नाही. लाकडाचा ठेकेदार अथवा जंगल खात्याचा अधिकारी यांस या गाडीत दोन गोष्टी दिसत. एक म्हणजे, जेथून बंडी जाई तेथून बहुधा हीही जाई. दुसरी अधिक महत्त्वाची: विलीजचा भाग फोर्डच्या जीपेस बसे. दोन मोडक्या गाड्यांतून एक चालती करावी, उरलेल्या सांगाड्यातून पुढील पाच वर्षे सुटे भाग काढावेत, हे काम हातोडी-पान्यावर पोट भरणाऱ्या साध्या मिस्त्रीस साधत असे. जुनी वस्तू घेणारा मनुष्य विश्वासावर घेत नाही; झाकण उघडून, यंत्राचा आवाज ऐकून, तेलाचा वास घेऊन घेतो.

हाच नियम विसरल्याने केवढा घात होतो, याचे उदाहरण आमच्या नव्या राज्यानेच घालून दिले. १९४८ साली काश्मीरचे युद्ध चालू असता लंडनमधील आपले हायकमिशनर व्ही. के. कृष्ण मेनन यांनी दोन हजार दुरुस्त केलेल्या जुन्या जीपगाड्यांचा सुमारे ऐंशी लाख रुपयांचा करार नेहमीची पद्धत बाजूस सारून केला. बरीचशी रक्कम आगाऊ दिली गेली. मद्रास बंदरात उतरल्या त्या १५५, आणि त्याही लष्कराने निकामी ठरविल्या. संसदेत वर्षानुवर्षे वाद झाला; ३० सप्टेंबर १९५५ रोजी गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी प्रकरण मिटल्याचे जाहीर केले, आणि पुढल्याच फेब्रुवारीत मेनन केंद्रीय मंत्रिमंडळात आले. मिस्त्रीस सोबत घेऊन चार गाड्या उलथ्यापालथ्या करून पाहणारा मोफसलीचा ठेकेदार या व्यवहारात अधिक शहाणा ठरला असता, असे म्हटल्यावाचून आम्हांस राहवत नाही.

तथापि त्या ठेकेदाराच्या शहाणपणाचेही मोल कोणीतरी भरीत होतेच. पूर्वी शिकारीस जावयाचे म्हणजे हाकेकरी जमवावे, मचाण बांधावे, बंडीतून दोन-दोन दिवस हाडे खिळखिळी करून घ्यावीत; या त्रासातच जनावरांचे रक्षण होते. जीप आली, तिच्यावर विजेचा झोत बसला, आणि रात्रीच्या एका फेरीत जे पूर्वी महिन्यात होत नसे ते होऊ लागले. डोळे दिपलेले सांबर पळत नाही. जागच्या जागी उभे राहते. मध्य हिंदुस्थानातील पुष्कळ राने या रीतीने ओस पडली. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. सर्व देशास लागू होण्याजोगा कडक वन्यजीव कायदा येण्यास १९७२ साल उजाडावे लागले. याच गाडीतून वैद्य, शिक्षक व औषधाच्या पेट्याही रानात गेल्या हे आम्ही विसरत नाही. पण हिशेबाची दोन्ही पाने वाचावयास हवीत.

आज बाहेरून वापरलेली मोटार आणणे सामान्य गृहस्थाच्या आवाक्यात राहिलेले नाही. ती तीन वर्षांहून जुनी नसावी, तिचे स्टिअरिंग उजव्या हातास असावे, आणि वर जबर जकात, असा नियम आहे. या कसोटीवर ती पहिली जीप केव्हाच नापास झाली असती, कारण तिचे स्टिअरिंग डाव्या हातास होते. मौज अशी की महिंद्र कंपनीने मुंबईत विलीजच्या जीपा जुळविण्यास व पुढे बांधण्यास आरंभ केला, तेव्हा कित्येक वर्षे तेही डाव्या हातासच राहिले. बल्लारपूर-आलापल्लीच्या वाटेवर सागाच्या ओंडक्यांमागून धुरळा उडवीत जाणाऱ्या जीपेच्या पाठीवर ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ ही अक्षरे रंगविलेली असत. मागून येणाऱ्या बंडीवाल्यास ती वाचता येत नसत, आणि तो आपला बैलांस डावीकडे वळवून तिला वाट देत असे.