उशिरा आलेले बरोबर उत्तर

मोटारीची एअरबॅग क्षणभर उशिरा उघडली, तर तिचा काही उपयोग नसतो. उत्तर वेळेत देणे हाही बरोबर असण्याचाच भाग असलेल्या अशा रिअल-टाइम प्रणालींची वेळ तपासणारी साधने हा या पुस्तकाचा विषय आहे. तो रुक्ष वाटण्याचा संभव आहे. म्हणून वाचकांनी सुरुवात मंगळापासून करावी.

४ जुलै १९९७ रोजी 'नासा'चे पाथफाइंडर मंगळावर उतरले आणि काही दिवसांतच त्याचा संगणक मध्येच रीसेट होऊ लागला. डेटा-बस सांभाळणारे वरच्या अग्रक्रमाचे काम आणि हवामानाच्या नोंदींचे खालच्या अग्रक्रमाचे काम, दोन्हींना एकच सॉफ्टवेअर-कुलूप लागे, आणि ते एका वेळी एकाच कामाला मिळे. हवामानाच्या कामाने कुलूप धरले असताना संदेशवहनाचे मधल्या अग्रक्रमाचे, लांबलचक काम मध्ये घुसे. मग कुलूप सुटत नसे, वरचे काम खोळंबे आणि मुदत चुकल्याचे दिसताच यंत्रणा सगळेच नव्याने सुरू करी. पृथ्वीवरच्या प्रतिरूप यंत्रावर ट्रेसिंग, म्हणजे घडणाऱ्या घटनांची क्रमवार नोंद, चालू ठेवून अभियंत्यांनी तोच प्रकार घडवून आणला, तेव्हा हा क्रम उलगडला. कुलूप धरणाऱ्याला तेवढ्यापुरता वरचा अग्रक्रम देण्याची सोय यानाच्या व्हीएक्सवर्क्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये होतीच. ती चालू करणारा बदल मंगळावर पाठवला गेला. शा, राजकुमार आणि लेहोत्स्की यांनी या उपायाचा सिद्धान्त १९९० मध्येच सविस्तर मांडला होता. सिद्धान्त आणि साधन यांची अशी गाठ पडते, म्हणूनच मला हे क्षेत्र अभिमानास्पद वाटते.

ट्रेसिंग घडलेले दाखवते. घडू शकेल ते दाखवायला वेगळी साधने लागतात. कितीही वेळा मोजले तरी सर्वांत वाईट वेळ हाती लागेलच असे नाही. जर्मनीतील 'अ‍ॅब्सइंट'चे 'एआयटी' हे साधन प्रोग्रॅम न चालवताच मशीन कोड तपासते आणि प्रोसेसरची कॅश, पाइपलाइन विचारात घेऊन वेळेची कमाल मर्यादा काढते. अशा मर्यादा हाती आल्या, की सगळी कामे मुदतीत बसतात का, हा प्रश्न गणिताचा होतो. त्याचा पाया लिऊ आणि लेलँड यांनी १९७३ मध्ये घातला.

गणिताकडे वळण्याआधी तुम्ही एक करून पाहा. लिनक्सवर 'सायक्लिकटेस्ट' चालवा. ठरलेल्या वेळी जागे व्हायला किती उशीर झाला, हे ते सांगते. सरासरीकडे लक्ष देऊ नका, कमाल आकडा पाहा. मग त्याच यंत्रावर एखादे जड काम लावून तो आकडा पुन्हा पाहा. तो का वाढला, इथूनच पहिले प्रकरण सुरू होते.