कृष्णेचे पाणी आणि परिमाणाचा प्रश्न

महाबळेश्वरच्या माथ्यावर वर्षाकाठी सुमारे ६००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच सह्याद्रीच्या पूर्वेस पसरलेल्या माण, आटपाडी, जत या तालुक्यांना मात्र ५०० मिलिमीटरच्या आसपास पावसावर वर्ष काढावे लागते. सातारा आणि सांगली हे एकेकाळी एकाच जिल्ह्याचे भाग होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. जिल्हे वेगळे झाले तरी दोहोंचे सुखदुःख एकाच नदीशी बांधलेले राहिले. कृष्णाकाठ सुजलाम् आणि माणदेश तहानलेला, हे चित्र पिढ्यान्पिढ्या दैवाचा भाग म्हणून स्वीकारले गेले. इसवी सनाच्या १९९० ते २००० या दशकात प्रथमच ही समजूत मुळापासून हलली.

या बदलाची पूर्वपीठिका मोठी आहे. ब्रिटिश काळात कराडजवळ खोडशी येथे बंधारा बांधून कृष्णा कालवा काढण्यात आला. स्वातंत्र्यानंतर कोयना धरण उभे राहिले. परंतु त्यातील पाण्याचा मोठा वाटा वीजनिर्मितीसाठी सह्याद्रीपलीकडे पश्चिमेस वळविला गेला. पुढे कृष्णेवर धोम, वेण्णेवर कण्हेर आणि चांदोली येथे वारणा ही धरणे झाली. सहकारी साखर कारखान्यांच्या पाठबळाने नदीकाठी उपसा सिंचन संस्था निघाल्या आणि किर्लोस्करवाडीसारख्या उद्योगनगरीतून निघालेल्या पंपांनी नदीचे पाणी मळ्यांत आणून सोडले. ऊस, हळद आणि द्राक्ष यांनी या पट्ट्याचे रूप पालटले.

या समृद्धीत जैन समाजाचा वाटा मोठा आहे. अंकलखोप, भिलवडी, दुधगाव, कवठे पिरान, समडोळी ही कृष्णा-वारणाकाठची गावे जैन शेतकऱ्यांच्या कष्टासाठी ओळखली जातात. समडोळीच्याच भूमीवर १९२४ मध्ये चारित्रचक्रवर्ती शांतिसागर महाराजांना आचार्यपद प्राप्त झाले. दुसरीकडे दुष्काळी भागातील बाजारपेठांतूनही जैन व्यापारी कुटुंबे स्थिरावली होती. एकाच समाजाचे लोक पाण्याच्या दोन्ही अंगांना होते, ही गोष्ट पुढील इतिहास समजून घेताना ध्यानी ठेवावी लागते.

नदीपासून दूर असलेल्या खानापूर, आटपाडी भागातील माणसाला पाण्याअभावी गाव सोडणे भाग पडे. कोणी मुंबईच्या गिरण्यांत गेला, तर कोणी सोन्याचांदीच्या गलाईचा व्यवसाय घेऊन देशाच्या कानाकोपऱ्यांत पोहोचला. १९८२ च्या गिरणी संपानंतर गावी परतलेल्या कामगारांना कोरडी जमीनच सामोरी आली. याच काळात खानापूर तालुक्यात मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. येरळा नदीवर तांदुळवाडी आणि बलवडी या गावांच्या लोकांनी नदीतील वाळू विकून आलेल्या पैशातून आणि श्रमदानातून बळीराजा स्मृती धरण उभे केले. धरण लहान होते. त्यामागील तत्त्व मात्र फार मोठे होते. जमीन कमी असो वा नसो, प्रत्येक कुटुंबाला पाण्यात समान हक्क असावा, असे त्या लोकांनी ठरविले. पाणी जमिनीच्या मागे न जाता माणसाच्या मागे जावे, हा विचार या मातीत तेव्हा रुजला.

१९९३ मध्ये क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या नेतृत्वाखाली आटपाडी येथे पाणी परिषद भरली. प्रतिसरकारच्या लढ्यात झुंजलेले अण्णा स्वतः कृष्णाकाठच्या वाळव्याचे होते आणि हुतात्मा किसन अहिर सहकारी साखर कारखान्याचे संस्थापक होते. ज्याच्या दाराशी पाणी होते, त्यानेच तहानलेल्यांसाठी लढा उभारावा, ही त्या दशकातील सर्वांत बोलकी घटना होय. डॉ. भारत पाटणकर आणि सांगोल्याचे आमदार गणपतराव देशमुख हेही या चळवळीचे आधारस्तंभ होते. सातारा, सांगली आणि सोलापूर या जिल्ह्यांतील दुष्काळी तालुके एकत्र आले आणि कृष्णेच्या पाण्यात समन्यायी वाटा मागू लागले.

त्याच वेळी आणखी एक घड्याळ टिकटिकत होते. कृष्णा पाणी तंटा लवादाने, म्हणजेच बच्छावत लवादाने, महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी पाणी दिले होते. एक टीएमसी म्हणजे सुमारे २८३१ कोटी लिटर. या निवाड्याचा फेरविचार ३१ मे २००० नंतर होऊ शकणार होता. तोपर्यंत वाट्याचे पाणी अडविले नाही, तर ते हातचे जाईल, अशी भीती सर्वत्र व्यक्त होऊ लागली. या निकडीतून १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले आणि शासनाच्या हमीवर रोखे काढून लोकांकडून भांडवल उभे करण्यात आले. ताकारी आणि म्हैसाळ या आधीच हाती घेतलेल्या उपसा योजनांना त्यामुळे गती आली आणि कराडजवळच्या टेंभू येथून पाच टप्प्यांत पाणी वर उचलून आटपाडी-सांगोल्यापर्यंत नेणाऱ्या योजनेस १९९६ मध्येच मान्यता मिळाली.

दशक संपले तेव्हा अनेक कामे अर्धवट होती. एकाच वेळी फार कामे हाती घेतल्याने पैसा विखुरला आणि रोख्यांच्या व्याजाचा बोजा वाढला. पाणी डोंगर चढवायचे तर वीज लागते, त्यामुळे बिले थकली की पंप थांबत. पुढे वीजबिलाचा ८१ टक्के भार शासनाने आणि १९ टक्के भार शेतकऱ्यांनी उचलावा, असे सूत्र ठरले. पाणी टप्प्याटप्प्याने माणदेशात पोहोचले आणि आटपाडी भागात बंद नलिकेतून समन्यायी वाटप करण्याचा विचार प्रत्यक्षात येऊ लागला. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून निघालेल्या पहिल्या रेल्वेने १० वाघिणींतून ५ लाख लिटर पाणी तहानलेल्या लातूरला पोहोचविले. कृष्णाकाठचे पाणी आपल्या खोऱ्याबाहेरच्या माणसाचेही आहे, याची ती जाहीर साक्ष होती.

मात्र त्या दशकाने नदीकाठालाही एक धडा दिला. मिरज, वाळवा, पलूस तालुक्यांत उसाला मोकाट पाणी देत राहिल्याने भूगर्भातील क्षार वर आले आणि सोन्यासारख्या काळ्या जमिनी क्षारपड झाल्या. अशा जमिनींत आता भूमिगत निचऱ्याच्या सच्छिद्र नळ्या टाकून, मोठा खर्च करून मीठ धुवून काढावे लागते. एकीकडे पाण्यावाचून शिवार ओस पडत होते आणि दुसरीकडे अति पाण्याने तेच होत होते.

जैन शास्त्रात या दोन्ही दुःखांचे उत्तर पूर्वीच सांगितले आहे. पाण्याच्या थेंबात जलकायिक जीव आहेत, म्हणून श्रावक पाणी गाळून पितो. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात निष्प्रयोजन पाणी सांडणे हा प्रमादचर्येचा, म्हणजे अनर्थदंडाचा प्रकार मानला आहे. परिग्रह आणि भोगोपभोग यांना परिमाण घालून घेणे हे श्रावकाचे व्रतच आहे. मळ्यातील पाटाला हे परिमाण लागू नाही, असे कोणत्याही शास्त्रात म्हटलेले नाही. जैन कुळात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी बालपणी, अस्पृश्यांना पाणी भरू न देणाऱ्या विहिरीचा रहाट मोडून टाकला, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. पाण्याच्या न्यायाची ही जाण समाजाला नवी नाही.

१९९० चे दशक सुरू झाले तेव्हा नदीचे पाणी किती, हा प्रश्न होता. ते संपताना त्यातील आपला वाटा किती आणि आपली गरज किती, हा प्रश्न उभा राहिला होता. २००५ आणि २०१९ च्या महापुरांनी कृष्णाकाठ बुडाला, तेव्हाही याच खोऱ्यातील काही गावे पाण्याची वाट पाहत होती. ज्या शिवारात ठिबक आले, निचरा झाला आणि शेजारच्या गावाच्या आवर्तनाचा मान राखला गेला, तेथे परिमाणव्रत पाळले गेले असेच म्हणावे लागेल. सुवर्णमहोत्सवी वर्षात मागील अर्धशतकाचा हिशेब मांडताना पाण्याचा हा हिशेबही त्यात असावा. तो चोख ठेवणे हीच पुढील पिढीला दिलेली खरी ठेव ठरेल.